दुर्बीण की पोट उघडून? ऑपरेशनच्या आधी विचारायचं काय

(महाड येथे चवदार तळ्याजवळ झालेल्या महासंघाच्या सभेत आमच्या क्षेत्र समन्वयक ताईंनी दिलेली माहिती. ज्या सदस्यांना सभेला येता आलं नाही त्यांच्यासाठी बोलल्याप्रमाणेच छापत आहोत.)



विषय वाचल्यावर मागच्या ओळीत कुजबुज झाली, ती मी ऐकली. संडासच्या जागेच्या कॅन्सरवर भर सभेत काय बोलायचं, असंच ना? बोलायचं कारण सांगते. दोन महिन्यांपूर्वी पोलादपूरकडच्या एका गटातून कर्जाचा अर्ज आला. रक्कम दोन लाख, कारण ‘दुर्बिणीचं ऑपरेशन’. गटाकडे तेवढी बचत नव्हती म्हणून अर्ज ग्रामसंघातून वर आपल्याकडे आला. अर्ज करणारी ताई बेचाळीस वर्षांची आहे. तिला विचारून सांगतेय, नाव सांगणार नाही. तिला एका खाजगी दवाखान्यात सांगितलं होतं, पोट फाडून केलं तर तीन महिने अंथरुणात, दुर्बिणीतून केलं तर चार दिवसांत घरी, खर्च साडेतीन लाख, आणि लवकर ठरवा. तिच्या नवऱ्याने शेताचा तुकडा विकायची बोलणी सुरू केली होती. अर्जावर चर्चा करताना आपल्यापैकी कोणालाच सांगता येईना, की या दोन ऑपरेशनांत फरक काय आणि त्या फरकासाठी जमीन विकावी का. मग मी माहिती गोळा केली, टाटा हॉस्पिटलमध्ये तिच्याबरोबर जाऊन आले, तिथे प्रश्न विचारले. ते आज सांगते.

आधी जागा समजून घेऊ. मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग म्हणजे मलाशय. संडासच्या तोंडापासून वर साधारण पंधरा सेंटिमीटर, वीतभरापेक्षा थोडा कमी. मागे माकडहाड, पुढे बाईच्या शरीरात गर्भपिशवी आणि योनीमार्ग, त्याच्या पुढे लघवीची पिशवी. सगळं कमरेच्या हाडांच्या अरुंद टोपलीत दाटीवाटीने बसलेलं. म्हणून इथलं ऑपरेशन अवघड. पोटात वर मोकळी जागा असते, इथे हात घालायला जागा नाही.

इथे गाठ झाली की शौचाला रक्त पडतं, चिकट आव पडते, शौचाला जाऊन आलं तरी अजून राहिलंय असं वाटतं, आधी दिवसातून एकदा जाणारी बाई पाच वेळा जाते, कधी शौच बारीक पेन्सिलीसारखी होते, वजन उतरतं, अंगात रक्त राहत नाही. आता यातलं पहिलं लक्षण ऐकून तुमच्या तोंडात कोणता शब्द आला? मूळव्याध. आपल्या एसटी स्टँडपासून बाजारापर्यंत ‘मूळव्याध, भगंदर, फिशर, खात्रीशीर इलाज’ असे बोर्ड मोजा एकदा. रक्त पडलं की बहुतेक वेळा मूळव्याधच असते, हे खरंच आहे. पण बोट घालून तपासल्याशिवाय ती मूळव्याध आहे हे कोणालाही कळत नाही, डॉक्टरला नाही आणि पुडी देणाऱ्याला तर नाहीच. या ताईंनी चौदा महिने पुड्या खाल्ल्या. एकानेही हातमोजा घालून तपासलं नाही, आणि तिनेही पुरुष डॉक्टरसमोर स्वतःहून सांगितलं नाही. गावात होतात त्या तपासण्यांमध्ये तोंड, स्तन आणि गर्भपिशवीचं तोंड या तीन कॅन्सरची तपासणी असते. मलाशयाची त्यात नाही. म्हणजे ही गोष्ट आपली आपल्यालाच बोलून दाखवावी लागते. बाई डॉक्टर पाहिजे म्हणा, बरोबर नर्स उभी राहू दे म्हणा, पण तपासून घ्या. दोन मिनिटांचं काम आहे.

आता ऑपरेशन. तुमच्यातल्या कितीजणींचं कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन टाक्याचं झालंय आणि कितीजणींचं बिनटाक्याचं? बघा, अर्धे-अर्धे हात वर आले. बिनटाक्याचं म्हणजेच दुर्बिणीचं. पोटात गॅस भरतात, बेंबीजवळ छोट्या भोकातून कॅमेऱ्याची नळी घालतात. नंतर दोन दिवस खांदा दुखला होता, आठवतंय? तो त्या गॅसमुळे. मलाशयाच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनात पद्धत तीच, फक्त भोकं चार-पाच, आणि शेवटी कापलेला भाग बाहेर काढायला एक छोटा छेद द्यावाच लागतो. डॉक्टर पडद्यावर बघून लांब दांड्याच्या अवजारांनी काम करतात. रोबोट म्हणतात ते याच्याच पुढचं. यंत्र स्वतः ऑपरेशन करत नाही बरं का. डॉक्टर बाजूला बसून यंत्राचे हात चालवतात. आणि पोट उघडून म्हणजे बेंबीच्या वरपासून खालपर्यंत उभा छेद, डोळ्यांनी बघून, हाताने.

आत करायचं काम मात्र तिन्हीत एकच आहे, आणि सगळं त्या कामावर आहे. मलाशयाच्या भोवती चरबीचं एक आवरण असतं. त्या चरबीत बारीक गाठी असतात आणि कॅन्सर पहिल्यांदा तिथे पसरतो. म्हणून मलाशय त्या आवरणासकट, न फाटता, अखंड काढायचं. आपण कोंबडी साफ करताना पित्ताची पिशवी कशी काढतो? जपून, अख्खी. ती फुटली की सगळं कडू. सुरी लांब होती की आखूड, हे नंतर कोणी विचारत नाही. तसंच हे. आवरण फाटलं, किंवा कापलेल्या कडेला कॅन्सरच्या पेशी राहिल्या, की आजार त्याच जागी परत यायची भीती वाढते.

ही गोष्ट डॉक्टरांनाही उशिरा कळली. १९०८ साली लंडनच्या माईल्स नावाच्या सर्जननी या कॅन्सरसाठी वरून पोटातून आणि खालून असं मोठं ऑपरेशन लिहून ठेवलं. त्यात संडासची जागाच काढून टाकत आणि पोटावर कायमची पिशवी. अनेक वर्षं तेच चाललं. मग १९८२ साली इंग्लंडमधल्याच बेसिंगस्टोक या गावातल्या हील्ड या सर्जननी दाखवलं, की आवरण अखंड ठेवून नजरेसमोर हळूहळू सोडवत काढलं तर आजार परत यायचं प्रमाण खूप कमी होतं. नवीन मशीन नव्हतं, पोट उघडूनच केलं होतं. या ऑपरेशनातली सगळ्यात मोठी सुधारणा सावकाश आणि जपून कापण्यामुळे झाली, हे मला फार आवडलं.

दुर्बीण त्याच्यानंतर आली. मग प्रश्न आला, पडद्यावर बघून हे आवरण तितकंच नीट निघतं का? याचा शोध घ्यायची पद्धत आपल्या भिशीसारखी आहे. कोणाला कुठलं ऑपरेशन हे डॉक्टरनी किंवा पेशंटनी ठरवायचं नाही, चिठ्ठी काढायची. नाहीतर सोपे पेशंट दुर्बिणीकडे, अवघड दुसरीकडे, आणि मग दुर्बीणच चांगली दिसणार. असा एक मोठा अभ्यास आठ देशांतल्या तीस हॉस्पिटलांत झाला, १,०४४ पेशंटांवर. त्याचा तीन वर्षांचा निकाल २०१५ मध्ये छापून आला. कॅन्सर त्याच जागी परत आला तो दोन्हीकडे शंभरात पाच जणांना. अगदी सारखं. तीन वर्षांनी हयात होते ते दुर्बिणीत शंभरातले साधारण ८७, पोट उघडून केलेल्यांत ८४. हा फरक इतका लहान, की तो योगायोगानेही पडू शकतो असंच अभ्यास करणाऱ्यांनी मानलं.

मग दुर्बिणीचा फायदा काहीच नाही का? आहे. त्याच अभ्यासात रक्त निम्मं गेलं, ४०० च्या जागी २०० मिली. शौच एक दिवस लवकर सुरू झाली. दुखणं कमी. हॉस्पिटलमधला मुक्काम ९ दिवसांऐवजी ८. ऐका नीट, नऊऐवजी आठ. तीन महिने विरुद्ध चार दिवस नाही. आणि ऑपरेशनला वेळ जास्त लागला, तीन तासांच्या जागी चार. शिवाय दुर्बिणीने सुरू केलेल्यांपैकी शंभरात सोळा-सतरा जणांचं पोट मध्येच उघडावं लागलं. तेव्हा दुर्बिणीची सही केली तरी ‘गरज पडली तर उघडू’ हे कागदावर असतंच. तसं झालं तर फसवलं असं समजायचं नाही. न जमणारं काम दुर्बिणीनेच रेटण्यापेक्षा ते बरं.

दुसरी बाजूही सांगते. त्याच वर्षी अमेरिकेतून आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधून दोन अभ्यास आले. त्यांनी ऑपरेशननंतर काढलेला तुकडा तपासून विचारलं, काम पूर्ण स्वच्छ झालं का. अमेरिकेत पोट उघडून केलेल्यांत शंभरात ८७ जणांचं स्वच्छ, दुर्बिणीत ८२. ऑस्ट्रेलियात ८९ आणि ८२. म्हणजे दुर्बीण थोडी मागे पडली. पुढे त्याच पेशंटांची दोन वर्षांची माहिती २०१९ मध्ये आली, तेव्हा आजार परत येण्यात ठळक फरक दिसला नाही. रोबोटचं म्हणाल तर २०१७ च्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात साध्या दुर्बिणीपेक्षा त्याचा स्पष्ट फायदा सिद्ध झाला नाही. अलीकडे चीनमधल्या मोठ्या अभ्यासात मात्र त्याला थोडी सरशी मिळाली आहे. पण तिथले सर्जन यात मुरलेले होते.

यावरून माझं मत असं झालंय, की ‘दुर्बीण करता का?’ हा पहिला प्रश्न नाही. पहिला प्रश्न, ‘तुम्ही मलाशयाच्या कॅन्सरची ऑपरेशनं वर्षाला किती करता?’ अपेंडिक्स आणि पित्ताशय दुर्बिणीतून काढणारा प्रत्येक सर्जन हे करू शकेल असं नाही. विचारायला संकोच वाटेल, पण विचारा. ज्या तळ्याच्या काठावर आपण बसलोय तिथे २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि हजारो माणसं सार्वजनिक पाण्यावरचा हक्क सांगायला आली होती. सरकारी हॉस्पिटल, योजनेतले पैसे हेही सार्वजनिकच आहे. तिथे हात जोडून उभं राहायची गरज नाही. प्रश्न विचारायचा, उत्तर समजलं नाही तर परत विचारायचा.

आणखी एक गोष्ट. हे जे मोठे अभ्यास सांगितले, त्यात आजूबाजूच्या अवयवांना चिकटलेल्या गाठी घेतल्याच नव्हत्या. आपल्याकडच्या बायका उशिरा येतात, गाठ गर्भपिशवीला नाहीतर लघवीच्या पिशवीला चिकटलेली असते. तिथे पोट उघडूनच करणं कित्येकदा जास्त सुरक्षित असतं. म्हणून एखाद्या मोठ्या डॉक्टरनी ‘उघडून करू’ म्हटलं तर ते मागासलेले किंवा योजनेतल्या गरिबाला स्वस्तातलं देतायत असं धरून चालू नका. कारण विचारा.

आपल्या ताईचं असंच झालं. आम्ही परळला टाटाला गेलो. १९४१ पासूनचं हॉस्पिटल आहे ते. परळ-लालबाग म्हणजे आपल्या भागातल्या घराघरातली माणसं गिरणीत होती तो भाग, तिथे कोणाचा ना कोणाचा दीर-भाचा निघतोच. तिथे कोलोनोस्कोपी, तुकड्याची तपासणी, एमआरआय, छाती-पोटाचा सीटी स्कॅन झाला. आणि डॉक्टरांनी सांगितलं की आत्ता ऑपरेशनच नको! आधी शेक, म्हणजे रेडिएशन, आणि केमो. गाठ आवळली की मग. हे शेक कधी पाच दिवसांचे असतात, कधी पाच-साडेपाच आठवड्यांचे. म्हणजे ‘लवकर ठरवा’ म्हणून आधीच दुर्बिणीने कापलं असतं तर ही पायरीच चुकली असती. एमआरआय न करता मलाशयाच्या ऑपरेशनची तारीख देणाऱ्याकडून उठून यायचं, एवढं लक्षात ठेवा. आतडं बंद पडलंय, पोट फुगलंय अशी घाई असेल तर गोष्ट वेगळी.

शेक घेण्याआधी तरुण बायकांनी एक विचारायचं, ते कोणी आपणहून सांगेलच असं नाही. कमरेच्या भागाला शेक दिले की अंडाशय आणि गर्भपिशवीवर परिणाम होतो, पाळी बंद होऊ शकते, पुढे मूल होणं अवघड. ज्यांना मूल हवंय त्यांनी आधीच बोलायचं. तसंच लघवीच्या आणि नवरा-बायकोच्या संबंधांच्या नसा मलाशयाला लागूनच जातात. कुठल्याही पद्धतीने केलं तरी त्यांना धक्का लागू शकतो. नंतर त्रास झाला तर गप्प बसू नका, त्यावर उपाय असतात.

आता पिशवी. मला वाटतं, कॅन्सरपेक्षा जास्त भीती हिचीच आहे. दुर्बिणीने केलं की पिशवी लागत नाही, असं त्या ताईला कोणीतरी सांगितलं होतं. ते खरं नाही. पिशवी लागणार का हे गाठ संडासच्या तोंडापासून किती वर आहे आणि तिथला आवळणारा स्नायू वाचतो का यावर ठरतं. तो वाचला नाही तर कायमची पिशवी, भोक छोटं असो की मोठं. गाठ वर असेल तर आतडं परत जोडतात, आणि जोड भरून येईपर्यंत काही महिन्यांची तात्पुरती पिशवी ठेवतात. जोडल्यानंतरही सुरुवातीला दिवसातून अनेकदा शौचाला जावं लागतं, कळ आली की थांबता येत नाही. घराबाहेर संडास असलेल्या बाईने याचा विचार आधी करायला हवा.

पिशवीची जागा ऑपरेशनच्या आधी पोटावर खूण करून ठरवतात. टाटात त्यासाठी वेगळ्या नर्स आहेत. त्या बसवतात, उभं करतात, वाकायला लावतात. तेव्हा परकराची नाडी कुठे बांधता ते त्यांना दाखवा, लावणीला किती वाकता तेही सांगा. नाडी पिशवीवर आली तर रोजचा जाच होतो. मुंबईत ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया म्हणून पिशवी असलेल्या लोकांची संस्था आहे. तिथे पिशवी घेऊन वर्षानुवर्षं कामधंदा करणारी माणसं भेटतात. आमच्या ताई अशा एका मावशींशी बोलल्या. येताना गाडीत पहिल्यांदा पोटभर जेवल्या.

पैशाचं थोडक्यात. महात्मा फुले जनआरोग्य योजना २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी या नावाने सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आपला रायगड होता. आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. रेशनकार्ड आणि आधार लागतं. नावातली स्पेलिंग दोन्हीकडे जुळतायत का ते आजच बघा, तिथेच जास्त खोळंबा होतो. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसतात. १५५३८८ वर फोन करून जवळचं हॉस्पिटल विचारता येतं. दुर्बिणीचं किंवा रोबोटचं हवं असेल तर ‘योजनेत बसतं का, वरचे किती लागतील’ हे आरोग्यमित्राला आधी विचारायचं. टाटाचंच दुसरं केंद्र खारघरला आहे, ते आपल्याच जिल्ह्यात, आणि आपल्याला परळपेक्षा अलीकडे पडतं. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती. जागा लगेच मिळेलच असं नाही, पण हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागातून चिठ्ठी घेऊन जायचं.

त्यामुळे दोन लाखांचा अर्ज आपण परत केला आणि त्याच बैठकीत चाळीस हजार मंजूर केले, येण्याजाण्याला, मुंबईत राहण्याला आणि बरोबर राहणाऱ्या बहिणीची मजुरी बुडते त्याला. माझं सगळ्या गटांना सांगणं आहे, आजारपणाच्या कर्जात योजनेत न बसणारा हा खर्च धरा. ऑपरेशनच्या नुसत्या नावावर मोठी रक्कम देण्याआधी दुसऱ्या हॉस्पिटलचं मत आणा म्हणा. शेत अजून त्यांचंच आहे.

सभेत विचारलेले दोन प्रश्न लिहून ठेवले होते.

एका काकूंनी विचारलं, कॅन्सरला सुरी लागली की तो पसरतो म्हणतात, ते? नाही काकू. नीट अखंड काढला तर नाही पसरत. माणूस ऑपरेशनला येतो तेव्हाच काही वेळा आजार आधीच पसरलेला असतो आणि दोष सुरीवर जातो.

दुसऱ्या ताईंनी विचारलं, मग डोक्यावरून हंडा कधी उचलायचा? दुर्बिणीचं असलं तरी दीड-दोन महिने जड काही नाही. पोट उघडून असेल तर तीन महिने धरून चाला, नाहीतर टाक्यांच्या जागी आतडं बाहेर डोकावतं, हर्निया होतो. पिशवी असेल तर त्या जागीही होतो. नेमकं किती दिवस ते आपल्या डॉक्टरला विचारायचं. त्या ताईचे शेक संपलेत, ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे, पोट उघडून. त्यांच्या वाडीत उन्हाळ्यात विहीर तळाला जाते, पाणी लांबून आणावं लागतं. गटातल्या दहाजणींनी पाण्याची पाळी लावून वहीत लिहिली आहे. रविवार अजून रिकामा आहे, शेजारच्या वाडीतल्या गटाने बघा जमतंय का.